अर्धा मासा शिसं

इंदापूरच्या बाजारपेठेत आमचं सराफीचं दुकान आहे. कारखान्याचा हप्ता खात्यावर जमा झाला की गर्दी, लग्नसराईत गर्दी. एरवी मोड, गहाण आणि तुटलेल्या साखळीला डाग देणं. हल्ली मात्र माझ्या काट्यावर एक वेगळंच गिऱ्हाईक येतं. आई किंवा वडील असतात, सोबत अकरा-बारा वर्षांचं पोर, आणि पिशवीतून निघते पत्र्याची चपटी गोल डबी. डबीत शिशाचे पाचशे छर्रे. "शेठ, दोन कंपन्यांच्या आणल्यात. जरा वजन करून सांगता का, कुठली चांगली?"

याला कारण आमच्याच घरातलं. माझ्या थोरल्या भावाची मुलगी एअर पिस्तूल खेळते. सरावाला बारामतीला जाते. निमगाव केतकी, जंक्शन, लासुर्णे, सणसर, भवानीनगर करत एसटी बारामतीला पोचते; गळीत हंगाम चालू असला तर उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं मागं, रडतखडत. तिच्या सरांना कळलं की मुलीचे काका सराफ आहेत आणि त्यांच्याकडे मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा, वैधमापनवाले दरवर्षी शिक्का मारून जातात असा काटा आहे. झालं. तेव्हापासून त्यांच्या सरावाच्या हॉलमधल्या निम्म्या मुलांच्या डब्या माझ्या काचेच्या पेटीतून जाऊन आल्या आहेत.

छर्रा निवडायचा कसा, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही आणि पालक समजतात तितका अवघडही नाही. आधी खेळ सांगतो, कारण पुष्कळांना वाटतं की दहा मीटर म्हणजे हातभर अंतर, त्यात काय एवढं.

एअर पिस्तूल एका हातानं धरायचं. दुसरा हात खिशात नाहीतर कमरेवर. पिस्तुलाचं वजन जास्तीत जास्त दीड किलो, चाप निदान ५०० ग्रॅमचा. समोर दहा मीटरवर १७ सेंटिमीटर चौरस निशाण, त्यात ५९.५ मिलिमीटरचा काळा गोल, आणि त्याच्या पोटात दहाचं वर्तुळ, शर्टाच्या बटणाएवढं: ११.५ मिलिमीटर. सव्वा तासात साठ नेम. प्राथमिक फेरीत पिस्तुलाला पूर्ण गुणच धरतात, म्हणजे साठ नेमांचे जास्तीत जास्त ६००. दशांश गुण, तो १०.९ वगैरे आपण टीव्हीवर ऐकतो तो, अंतिम फेरीत. मनू भाकरनं २०२४ साली पॅरिसला ब्राँझ घेतलं ते याच प्रकारात. त्यानंतर बारामतीच्या हॉलमध्ये रायफलीपेक्षा पिस्तुलाला जास्त पोरं दिसायला लागली.

नियम असा की छर्ऱ्याचं भोक रेषेला नुसतं शिवलं तरी वरचा गुण. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. म्हणजे त्याचं केंद्र निशाणाच्या केंद्रापासून आठ मिलिमीटरच्या आत पडलं की दहा. हा आठचा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता छर्रा. स्पर्धेचा छर्रा टोकदार नसतो. पुढचं डोकं अगदी सपाट, मधे कंबर आवळलेली, मागं पातळ भिंतीचा पोकळ घेर, ज्याला रेंजवर सगळे स्कर्टच म्हणतात. डोकं सपाट असल्यानं कागदाला पंचनं पाडल्यासारखं स्वच्छ भोक पडतं. टोकदार छर्रा कागद फाडून जातो आणि मग रेषेला शिवला की नाही यावर भांडणं. मागच्या पोकळ भागात दाबलेली हवा शिरते, मऊ शिसं किंचित फुलतं आणि नळीतल्या आट्यांना घट्ट बसतं. आट्यांमुळे छर्रा स्वतःभोवती फिरतो आणि सरळ जातो. म्हणजे काम दोन जागी आहे. डोकं नळीत मधोमध बसलं पाहिजे आणि घेर सगळीकडून सारखा फुलला पाहिजे. वजन त्यानंतर.

पण गिऱ्हाईक येतं ते वजनासाठीच. डबीवर वजन छापलेलं असतं: पिस्तुलाला म्हणून जे हलके छर्रे विकतात ते साधारण ०.४५ ते ०.५० ग्रॅमचे, रायफलीचे जड ०.५३ ग्रॅमच्या आसपास. परदेशात हे वजन ग्रेनमध्ये सांगतात. आमच्या धंद्यातल्या माणसाला यात गंमत वाटेल. एका तोळ्याचे ग्रेन बरोबर १८०. तोळ्याचे मासे बारा, माशाच्या गुंजा आठ. साडेसात ग्रेनचा पिस्तुलाचा छर्रा म्हणजे चार गुंजा, अर्धा मासा. आजोबांच्या पेटीत अजून खऱ्या लाल गुंजा आहेत. मी एकदा एका पारड्यात चार गुंजा आणि दुसऱ्यात छर्रा ठेवून पुतणीला दाखवलं. तिला त्याचं काही विशेष वाटलं नाही. "काका, पण हा दहात बसतो का ते सांगा ना."

प्रश्न बरोबर होता, म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसलो. एअर पिस्तुलाचा छर्रा सेकंदाला साधारण १५० मीटर वेगानं निघतो. दहा मीटर जायला त्याला सेकंदाचा पंधरावा हिस्सा लागतो. तेवढ्या वेळात कुठलीही वस्तू किती खाली पडते ते शाळेतल्या सूत्रानं काढा: बावीस मिलिमीटर. हे बावीस मिलिमीटर पिस्तुलाची माशी लावतानाच धरलेले असतात, त्यामुळे त्याची चिंता नाही. चिंता फरकाची. समजा एका छर्ऱ्याचं वजन दुसऱ्यापेक्षा पाच मिलिग्रॅमनं जास्त निघालं. म्हणजे एक टक्का. हवेचा जोर तोच, तेव्हा वेग साधारण अर्धा टक्का कमी होईल आणि छर्रा खाली पडेल ०.२ मिलिमीटर जास्त. केसाची जाडीसुद्धा याच्या निम्म्याहून कमी असते, पण आपला हिशेब आठ मिलिमीटरचा आहे. त्यात ०.२ कुठं दिसणार?

चांगल्या कंपनीच्या डबीत पाच मिलिग्रॅमचा फरकसुद्धा क्वचित सापडतो. म्हणजे काट्यावर तासभर बसून छर्रे निवडण्यानं गुण वाढत नाहीत. काटा एकच काम करतो: बिघडलेला छर्रा पकडतो. एखादा दहा-बारा मिलिग्रॅमनं हलका आला तर तो अर्धवट भरलेला आहे किंवा त्याच्या पोटात हवेचा बुडबुडा आहे. तो बाजूला काढायचा. पण असल्या छर्ऱ्याला काट्यापेक्षा डोळा लवकर पकडतो. आमचं डोळ्याला लावायचं दहापट भिंग घेतलं आणि पांढऱ्या कागदावर छर्रे उलटे मांडले की घेराची कड दिसते. कडेला पोचा, कातरल्यासारखी खाच, आत अडकलेली शिशाची कात. असा छर्रा नळीतून बाहेर पडताना मागून हवा एका बाजूनं आधी निसटते आणि तो डोलत जातो. वजन अचूक अर्धा मासा असलं तरी.

या पोच्यांपैकी बरेचसे कारखान्यात पडलेले नसतात. शिसं इतकं मऊ असतं की नखानं ओरखडा उठतो. डबी दप्तरात, दप्तर एसटीच्या मागच्या सीटवर, आणि सणसरपासून पुढचा रस्ता; इंदापूरला येईपर्यंत वरच्या थरातले छर्रे एकमेकांवर आपटून कड वाकवून घेतात. म्हणून डबीच्या झाकणाखाली फोमचा तुकडा हवाच. महागड्या छर्ऱ्यांना प्रत्येकाला वेगळा खळगा असलेली पेटी येते, तिचे पैसे उगीच लावलेले नसतात.

डोक्याचा व्यास ही दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते खरी गोष्ट. डबीच्या बुडाला किंवा कडेला ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे असतात. फरक एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा. काही पालकांनी ते माझ्या तारेच्या गेजवर मोजून मागितले. मोजता येत नाही असं नाही, पण गेजचा जबडा जरा जास्त आवळला की शिसंच दबतं आणि तुम्ही आपलाच जोर मोजून बसता. त्यापेक्षा कंपनीच्या आकड्यावर विश्वास ठेवावा आणि कुठला आकडा आपल्या नळीला मानवतो ते नळीलाच विचारावं. एकाच कंपनीची, एकाच साली घेतलेली दोन पिस्तुलं, एकाला ४.४९ चालतो, दुसऱ्याला ४.५०. असं होतं, आणि त्यात कुणाची फसवणूक नसते. नळीचे आटे कापताना हत्यार झिजत जातं, शेवटी ती यंत्रावर केलेली का होईना, घडणावळच आहे.

नळीला विचारायचं म्हणजे काय, ते सविस्तर सांगतो. वालचंदनगरला फिटर असलेल्या एका पालकांनी हॉलमधल्या टेबलाला एक वाइस बसवून दिला आहे. जबड्यांना आतून जाड चामडं. पिस्तुलाची मूठ काढून टाकतात आणि फ्रेम त्यात आवळतात, पण नळीला कुठंही धक्का लागू देत नाहीत. नळी दाबली गेली तर सगळी चाचणी वाया. हवेच्या नळकांड्याचा काटा बघायचा, पुरेसा दाब आहे ना. नवीन प्रकारचा छर्रा सुरू करताना पहिले आठ-दहा कागदावर धरायचेच नाहीत, कारण नळीत आधीच्या शिशाचा पातळ लेप असतो आणि तो नव्या छर्ऱ्याशी जुळायला वेळ घेतो. मग एका निशाणावर पाच. कागद बदलायचा, पुन्हा पाच. एका प्रकाराचे चार-पाच कागद झाले की दुसरी डबी.

कागदावर बघायचं ते भोक कुठं पडलं हे नाही. भोक किती पसरलं ते. पाचही छर्रे एकाच भोकातून गेले तर ते भोक साडेचार मिलिमीटरचंच दिसायला हवं. तसं कधीच होत नाही. व्हर्निअर लावून भोकाची सर्वांत लांब बाजू मोजायची आणि त्यातून साडेचार वजा करायचे. उरला तो पसारा. पुतणीच्या पिस्तुलावर एका डबीचा पसारा सव्वा-दीड मिलिमीटर यायचा, दुसरीचा अडीच, तिसरीचा एका कागदावर दीड आणि पुढच्यावर साडेतीन. तिसरी डबी सगळ्यांत महाग होती. वाईट म्हणून ती नाकारली असं नाही, ती त्याच हॉलमधल्या दुसऱ्या मुलाच्या पिस्तुलात झकास चालते. आम्ही पहिली घेतली. ती मधल्या किमतीची होती आणि वजनाला माझ्या काट्यावर तिन्हींत सर्वांत असमान होती. तरी तीच. कागदानं तिला पसंत केलं, काट्यानं नाही.

इथं लोक हटकून विचारतात: इतकं सगळं बाहेरचं आणून तपासण्यापेक्षा आपणच आपल्याला हवी तशी गोळी का बनवू नये? शिसं वितळवणं काय कठीण आहे, तुम्ही तर सोनं वितळवता! अमेरिकेत लोक घरी काडतुसं भरतात हे त्यांनी मोबाइलवर पाहिलेलं असतं. खरं आहे ते. तिकडं हौशी नेमबाज गॅरेजमध्ये हातदाबाचा प्रेस लावतो, वापरलेलं पितळी कवच साफ करतो, नवी टोपी बसवतो, दारू मोजून घालतो आणि वरून गोळी दाबून बसवतो. पण ते छर्रे नव्हेत, बंदुकीची काडतुसं. आणि आपल्याकडे तसं करायला जाल तर तुरुंगाची वाट. १९५९ च्या शस्त्र कायद्यात 'दारूगोळा' या शब्दाच्या व्याख्येतच काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा येतात, आणि परवान्याशिवाय ते बनवणं पाचव्या कलमानं बंद आहे. दारू आणि टोपी पुन्हा स्फोटकांच्या कायद्यात. त्यामुळे तो विषय घरात काढूच नका.

तरीही त्या लोकांची गोळी निवडायची रीत समजून घेण्यासारखी आहे, कारण त्यांचा तर्क आणि आपल्या छर्ऱ्याचा तर्क एकच निघतो. पंचवीस मीटरवर सेंटर फायर पिस्तूल नावाचा प्रकार आहे. ऑलिंपिकमध्ये नाही, पण जागतिक आणि आशियाई स्पर्धांत खेळला गेला आहे; जसपाल राणानं २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत त्यात सुवर्ण घेतलं. त्यात बहुतेक जण बत्तीस कॅलिबरचं पिस्तूल वापरतात आणि त्याची गोळी असते साधारण शंभर ग्रेनची, म्हणजे अर्ध्या तोळ्याहून थोडी जड. तीसुद्धा सपाट डोक्याची, कवचाच्या तोंडाशी समपातळीत बसवलेली, आणि पुष्कळदा बुडाला पोकळ. कारण तेच: कमी दाबात मऊ शिसं फुलून आट्यांना बसावं, आणि कागदाला स्वच्छ भोक पडावं. हातानं काडतुसं भरणारे जुने लोक नुसत्या शिशाची गोळी नळीच्या मापापेक्षा इंचाचा हजारावा भाग जाड घेतात. बारीक घेतली तर गरम वायू तिच्या कडेनं पुढं पळतो, शिसं वितळवत जातो आणि ते नळीत साचतं. आमच्या ४.४९ आणि ४.५० चा हाच झगडा.

वजनाला खरी किंमत आहे ती वेगळ्याच खेळात. पळत पळत, आडोशामागून नेम मारायच्या स्पर्धा असतात, तिथं नऊ मिलिमीटरचं पिस्तूल चालतं. तिथला नियम असा: गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग सेकंदाला फुटांत, दोन्हींचा गुणाकार भागिले हजार, आणि उत्तर किमान १२५ यायला हवं. १२४ ग्रेनची गोळी १०२० फुटांनी सोडली तरी १२६, आणि १४७ ग्रेनची ८६० फुटांनी सोडली तरी १२६. पाऊण तोळ्याच्या थोडं अलीकडे आणि थोडं पलीकडे. पुष्कळ जण जड आणि सावकाश गोळी पसंत करतात, कारण ती हाताला मऊ लागते आणि पुढचा नेम लवकर धरता येतो. तिथंही शेवटचा निकाल कुणी काट्यावर लावत नाही. भरतात, मारतात, कागद बघतात.

आपल्या मुलांपैकी जी पुढं पंचवीस मीटरच्या स्पोर्ट पिस्तुलाकडे जातात त्यांची गोळी पॉइंट टू टू, म्हणजे ५.६ मिलिमीटरची. परवाना लागतो आणि गोळी तयारच विकत घ्यावी लागते. ती घरी भरताच येत नाही, कारण तिची टोपी कवचाच्या कडेतच असते. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१३ साली चांगवॉनच्या विश्वचषकात आणि २०१८ साली जकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं ते याच प्रकारात. या गोळीत निवड म्हणजे लॉटची निवड. एकाच कंपनीची, एकाच नावाची, पण एका दिवशी बनलेली पेटी तुमच्या नळीला मानवते आणि दुसऱ्या दिवशीची मानवत नाही. म्हणून इंग्लंडात एले आणि जर्मनीत लापुआ या कंपन्यांनी चाचणीचे बोगदे ठेवले आहेत. नेमबाज आपली नळी घेऊन तिथं जातात, एकेका लॉटचे गट मारून बघतात आणि जो जमला तो वर्षभराचा उचलतात. आपल्या जिल्ह्यातल्या पोराला ते कुठलं परवडायला!

पैशाचा विषय निघालाच आहे तर बोलतो. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ रोजी पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांवर ब्राँझ मिळवलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या माणसाचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक ते, बहात्तर वर्षांनी. त्या आठवड्यात सगळ्या वर्तमानपत्रांत आलं होतं की मुलाच्या गोळ्यांसाठी शिक्षक वडिलांनी कर्ज काढलं होतं. ती बातमी वाचून आमच्याकडचे दोन पालक लगेच सोनं गहाण टाकायला आले. एकाच्या मुलाला पिस्तूल धरून सहा महिने झाले नव्हते. मी गहाण घेतलं नाही. धंद्याच्या दृष्टीनं मूर्खपणा, पण त्याला मी जे गणित सांगितलं ते तुम्हालाही सांगतो.

नवख्या मुलाचा हात कागदावर पंधरा मिलिमीटर इकडं-तिकडं जातो असं धरा. छर्ऱ्याचा स्वतःचा पसारा तीन मिलिमीटर. दोन्ही चुका मिळून अठरा होत नाहीत. एक चूक डावीकडे जाते तेव्हा दुसरी वर जाते, खाली जाते, कधी उलटीही जाते. त्यांची बेरीज पायथागोरसच्या काटकोन त्रिकोणासारखी होते. पंधराचा वर्ग २२५, तीनचा ९, बेरीज २३४, वर्गमूळ १५.३. म्हणजे साध्या देशी छर्ऱ्यानं त्या मुलाचं नुकसान ०.३ मिलिमीटर! जर्मन डबी घेऊन हे ०.३ वाचवायचे आणि त्यासाठी बायकोची पाटली गहाण टाकायची? तेच पैसे त्यानं रोज पन्नास छर्रे जास्त मारण्यात घालावेत. पण तोच मुलगा तयार झाला, हात सहा मिलिमीटरवर आला, की हिशेब फिरतो. पाच मिलिमीटर पसरणारा छर्रा घेतला तर एकूण ७.८, एक मिलिमीटरचा घेतला तर ६.१. आता आठाच्या मर्यादेजवळ हा पावणेदोन मिलिमीटरचा फरक साठ नेमांत काही दहांचे नऊ करतो. राज्य स्पर्धेत तेवढ्यात नाव वरून खाली जातं. माझं मत असं की मूल सरावात सातत्यानं ५४० च्या वर जाईपर्यंत छर्ऱ्याची चिकित्सा करू नये. त्यानंतर मात्र कंजुषी करू नये.

दोन गोष्टी ओघात सांगायच्या राहिल्या. एक म्हणजे शिसं विषारी आहे. सराव करून आलेलं पोर हात न धुता वडापाव खातं, काही पोरं तर छर्रा ओठांत धरून पिस्तूल उघडतात. सरांना दिसलं की फटका बसतो, घरी तुम्ही बघा. साबणानं हात, मगच खाणं. जमिनीवर सांडलेले छर्रे झाडूनं उडवू नका, ओल्या फडक्यानं टिपा.

दुसरी गोष्ट आमच्या भागापुरती. साडेचार मिलिमीटरच्या आणि वीस ज्यूलच्या आतल्या हवेच्या शस्त्राला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या पिस्तुलाचा जोर तर पाच-सहा ज्यूलच असतो. परवाना नाही म्हणून काही जण साध्या छर्ऱ्याची बंदूक घेऊन भिगवणच्या बाजूला उजनीच्या पाण्यावर किंवा कडबनवाडीच्या माळावर फिरताना दिसतात. पाण्यावर रोहित आणि बदकं, माळावर चिंकारा, आणि तिकडं सुप्याला चिंकाऱ्यासाठी राखलेलं मयूरेश्वर अभयारण्य, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. छर्रा कितीही हलका असला तरी पाखराला मारतो, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याला शिकारीसाठी काडतूसच लागतं असं नाही. नेमबाज मुलाच्या हातात पिस्तूल देताना हे पहिल्या दिवशी सांगायला हवं.

भारतात नेमबाजीची राष्ट्रीय संघटना १९५१ साली उभी राहिली ती लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर यांच्या पुढाकारानं, आणि राष्ट्रीय स्पर्धेला जाण्याची वाट अजून त्यांच्याच नावाच्या मावळंकर स्पर्धेतून जाते. आपल्या दोन तालुक्यांतली पोरं आता बालेवाडीच्या रेंजवर उभी राहायला लागली आहेत, त्या वाटेला लागली आहेत. त्यांच्या आईबापांना माझं सांगणं एवढंच: डबी संपत आली की दुकानदाराला फोनवर नुसतं नाव सांगून दुसरी मागवू नका. जुन्या डबीच्या बुडाचा फोटो पाठवा, डोक्याचं माप आणि लॉटचा नंबर दोन्ही जुळवून घ्या, आणि जमलेला लॉट सापडला तर स्पर्धेपुरत्या दोन-तीन डब्या एकदमच घेऊन बाजूला ठेवा, सरावाला दुसरे वापरा. लॉट जुळला नाही, तर वाइसवर पाच-पाचाचे कागद काढल्याशिवाय नव्या डबीवर पोराला स्पर्धेला उभं करू नका.